मागून जेवणाऱ्या वहिनी

आमच्या वहिनी सगळ्यांच्या मागून जेवायच्या. आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, मग आई. वहिनींचं ताट कोपऱ्यात लागायचं ते अडीच-तीनला. त्यामुळे त्या कशा जेवतात हे घरात कुणी पाहिलेलंच नव्हतं. भाकरीचा घास, त्यावर घटाघटा पाणी, मग उठून दोन्ही हात वर करायचे आणि पाठ ताणायची. तेवढं केलं की छातीत अडलेला घास खाली सरकायचा. ही युक्ती त्यांची त्यांनीच शोधलेली. चार वर्षं त्या अशा जेवत होत्या, आणि आम्हाला एवढंच दिसत होतं की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्यात.

आईने दृष्ट काढली. गावच्या डॉक्टरांनी ‘मनाचं आहे’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. रात्री आडवं झालं की खाल्लेलं, न आंबता, जसंच्या तसं तोंडात यायचं आणि ठसका लागायचा. उशीच्या अभ्र्यावर भाताची शितं दिसली तेव्हा मोठ्या भावाचे डोळे उघडले.

मी तेव्हा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये एक्स-रे टेक्निशियन होतो. साल 1975. आमच्याकडे टीव्हीसारखा पडदा नव्हता. डॉक्टर आधी लाल काचांचा चष्मा लावून बसायचे, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. मग काळोख्या खोलीत शिशाचा एप्रन चढवून त्या हिरवट, मिणमिणत्या पडद्यासमोर उभे राहायचे. बेरियम मीच कालवायचो, मोठ्या मगात, गुठळ्या मोडत.

“भाऊजी, हे चुन्याचं पाणी प्यायचं?” वहिनींनी अंधारातून विचारलं.

प्यायल्या. बेरियम छातीतून उतरलं आणि जठराच्या तोंडाशी येऊन थांबलं. वरची नळी फुगलेली, खालचं टोक निमुळतं होत गेलेलं. फिल्म हँगरला लावून डेव्हलपर, फिक्सर केलं आणि ओलीच खिडकीशी धरली. पुस्तकात त्या आकाराला पक्ष्याची चोच म्हणतात. मी ती घरच्या माणसाच्या छातीत पाहत होतो.

अ‍ॅकलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूची एक झडप असते. घास आला की तिने सैल पडायचं. सैल पडायला सांगणाऱ्या मज्जापेशीच मरत जातात, आणि नळी घास पुढे लोटायचंही विसरते. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारं हे दुखणं आहे, म्हणजे गावच्या डॉक्टरांनी आयुष्यात ते पाहिलंच नसावं. त्यांच्यावरचा माझा राग पुढे थोडा निवळला तो यामुळे. 1674 साली इंग्लंडच्या थॉमस विलिसने अशाच एका रोग्याला देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून दिला होता. तो माणूस पुढे कित्येक वर्षं प्रत्येक जेवणात त्या काडीने घास खाली ढकलत होता. वहिनींना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, “बरंय, मला हात वर करून भागलं.”

मुंबईला ऑपरेशन झालं. झडपेचा स्नायू बाहेरून उभा चिरायचा, आतलं अस्तर मात्र शाबूत ठेवायचं. एर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने 1913 साली पहिल्यांदा केलेली ही शस्त्रक्रिया. वहिनींच्या पोटावर वीतभर टाके होते, आणि भाऊ रोज थर्मासमधून भाताची पेज घेऊन जायचा.

गेल्या वर्षी पुण्याच्या भाचसुनेला तेच झालं. तिचं बिंग दोन महिन्यांत फुटलं, कारण ती जेवते ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सहा जणींच्या समोर. “दर घासाला पाणी काय पितेस गं?” असं एकीने विचारलं. तरी वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्याच. एंडोस्कोपीतही काही दिसलं नव्हतं. मग मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी आत, पाण्याचे दहा घोट, आणि प्रत्येक घोटाचा दाब पडद्यावर निळ्या-लाल पट्ट्यांत. दाबाच्या या चित्रावरून अ‍ॅकलेशियाचे तीन प्रकार पाडतात. तिचा दुसरा, उपचारांना सगळ्यात चांगली दाद देणारा. मी त्या रंगांकडे बघत राहिलो. चोच मला ओळखता आली असती, यातलं काही कळेना.

‘पोएम’ केली. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये ती माणसावर पहिल्यांदा केली. दुर्बीण तोंडातूनच जाते. अस्तराला छोटा छेद देऊन अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये बोगदा करतात, त्यातून झडपेपर्यंत पोचून स्नायू कापतात आणि येताना छेदाला क्लिपा लावतात. कापायचं तेच, जे हेलर कापत होता. बाहेर ओरखडाही नाही. तिसऱ्या दिवशी घरी. पण मेलेल्या पेशी तेव्हाही परत आल्या नाहीत, आताही येत नाहीत. घास आपल्या वजनाने उतरतो, एवढंच. शिवाय झडप उघडी राहिली की आम्ल वर येतं, त्याची गोळी चालू आहे.

नंतरच्या तपासणीला तिच्याबरोबर मीच गेलो. बेरियम पाजून एक, दोन आणि पाच मिनिटांनी फोटो काढले. कागदी कपातलं ते पांढरं पाणी पाहून मला फार बरं वाटलं. एवढं एक टिकलंय! फिल्म मागितली तर तिथल्या पोराने सीडी हातात ठेवली.

वहिनींचं वजन भरलं, बांगड्या मनगटाशी आल्या. जेवायच्या मात्र मागूनच, शेवटपर्यंत. हात वर करायची गरज उरली नव्हती. उरली असती तरी आम्हाला कळलं नसतं.

भाचसून परवा आमच्याकडे जेवायला होती. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत. तिने पहिला घास घेतला आणि टेबलाभोवतीच्या आम्हा सगळ्यांचे हात थांबले.

“मामा, असं बघू नका हो,” ती म्हणाली, “अशाने अडकेल.”