त्रिशलामातेची घालमेल

पर्युषण पर्वाच्या पाचव्या दिवशी कल्पसूत्राचे जन्मवाचन होते. चौदा स्वप्ने उतरवली जातात, पाळणा झुलतो, जयघोष होतो. या आनंदसोहळ्यात त्याआधीचा एक लहानसा प्रसंग पुष्कळदा कानावरून निघून जातो. आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत, म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. ती करुणाच होती; परंतु त्या निश्चलतेनेच त्रिशलामाता व्याकूळ झाली. राजवाड्यातील गीत-वाद्ये थांबली. मातेचे दुःख जाणून प्रभूंनी अंग किंचित हलवले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा घेणार नाही, हा संकल्पही त्यांनी गर्भातच केला, असे श्वेतांबर परंपरा सांगते.

धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी काही वर्षांपूर्वी हा प्रसंग वाचला जात होता. श्रोत्यांत एक सासूबाई होत्या. त्यांची अठ्ठाई चालू होती, तो पाचवा उपवास. भिंतीला टेकून सून बसली होती. तिचे पहिलेच बाळंतपण, नववा महिना. पहाटेपासून बाळाची नेहमीची हालचाल तिला जाणवली नव्हती. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईने धीर दिला होता, "दिवस भरत आले की बाळ शांतच होतं." घरात सोहळ्याची गडबड, सासूबाईंचा उपवास, अशा दिवशी आपल्यामुळे कुणाला त्रास नको, म्हणून ती गप्प राहिली. तिचे मौनही करुणेपोटीच होते.

वाचन त्या प्रसंगापाशी आले आणि सासूबाईंची नजर सहज सुनेकडे गेली. तिचा हात पोटावर होता आणि डोळे भरले होते. त्यांनी जवळ सरकून हळूच विचारले, "बाळ हलतंय ना गं?"

"पहाटेपासून नाही, आई."

पाळण्याची बोली व्हायची होती. ती तशीच टाकून त्या उठल्या. मुलाने गाडी काढली. येरमाळा, येडशी मागे टाकत ती मंडळी धाराशिवला पोहोचली. बाळाच्या हृदयाचे ठोके यंत्रावर नोंदले गेले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि विलंब न लावता शस्त्रक्रिया केली. मुलगी झाली, वजनाने कमी, पण जिवंत. काही दिवस ती काचेच्या पेटीत राहिली.

संवत्सरी रुग्णालयातच आली. सुनेने खाटेवरूनच हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले. सासूबाईंनी तिचे हात धरले. "क्षमा मी मागायची, बाळा. अख्खी सकाळ एका घरात होतो. मी एकदाही विचारलं नाही." दुसऱ्या दिवशी, सुनेने पेज घेतल्यानंतरच त्यांनी पारणे केले.

शेजारणीने दिलेला धीर अनेक घरांत आजही दिला जातो. म्हणूनच तो तपासून पाहावा लागतो. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारणपणे 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास कळू लागते. पोटातले बाळ झोपतेही. ती झोप बहुधा 20 ते 40 मिनिटांची असते. शेवटच्या दिवसांत जागा अपुरी पडल्याने हालचालीची तऱ्हा बदलू शकते, परंतु हालचाल कमी होत नाही. वारेतून मिळणारे रक्त आणि प्राणवायू अपुरा पडू लागला, की बाळ शक्ती राखण्यासाठी हालचाल आवरते. त्याच्यापाशी दुसरी भाषा नसते. शंका आल्यास गर्भवतीने डाव्या कुशीवर निवांत पडून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हालचाल एकदम थांबली असेल, तर ते दोन तासही थांबू नये. वाहन नसेल, तर 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

मात्र स्त्रीने हे सांगावे, यासाठी तिला कोणीतरी विचारले पाहिजे. याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील साध्यासुध्या महिलांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. त्यामागचे मर्म हेच, की गावातल्या बाईला मन मोकळे करायला गावातलीच बाई लागते. आज ते काम आशाताई करतात.

पर्युषण संपते, दसरा-दिवाळी उलटते आणि भूम, वाशी, कळंब भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या निघतात. त्यांत दिवस गेलेल्या स्त्रियाही असतात. त्यांचे मौन संकोचाचे नसते. एका दिवसाचा खाडा पडला, तरी तो पैशांत मोजला जातो. त्रिशलामातेच्या घालमेलीपायी सारा राजवाडा स्तब्ध झाला होता. कोपीतल्या बाईसाठी फडातला कोयता क्षणभरही थांबत नाही.

मुंगीला पाय लागू नये म्हणून जपून चालणाऱ्या समाजाला जीवदया नव्याने शिकवावी लागत नाही. ती आपल्या उंबऱ्याच्या आत आणि उंबऱ्यापलीकडच्या कोपीपर्यंत पोहोचावी, एवढेच. त्यासाठी फार मोठ्या दानाची बोली लावावी लागत नाही. वेळेवर एवढे विचारले तरी पुरते : "बाळ हलतंय ना गं?"