पहिल्या पावसातला सडा

दाणोली मागे पडली आणि एसटी घाट चढू लागली तसं धुकं खिडकीतून आत आलं. जूनमधला शनिवार. आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग, मक्याच्या कणसांचा धूर आणि गाडीगाडीतून वेगळं गाणं. आम्हाला जायचं होतं सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर.

अंधार पडल्यावर गावातल्या एका काकांसोबत निघालो. जांभ्या कातळाच्या खोलगटांत बोटभर पाणी साचलेलं, आणि त्याच्या काठाने नर ओरडत होते. हा आंबोली टोड. इंच-दीड इंचाचा जीव, अंगावर वाघासारखे पट्टे. २००९ साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. आंबोलीच्या परिसराबाहेर तो माहीत नाही, आणि अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या रात्रींत त्याची वीण उरकते.

"पायाखाली बघा हां, पाण्यात अंडी आसत," काकांनी बॅटरी खाली धरली. त्या उथळ पाण्यातून एक चाक गेलं, की अख्खी पिढी संपली.

परतताना डांबरावर चिरडलेले बेडूक दिसले. भर पावसाची रात्र हीच त्यांची रस्ता ओलांडण्याची वेळ, आणि घाटात गाड्या फिरवण्याची हौसही त्याच रात्री.

सकाळी एका ओढ्यावर मलबारच्या उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं पाहिलं, पाण्यावर झुकलेल्या पानांत. पिल्लं बाहेर पडली की थेट पाण्यात पडावीत, म्हणून मादी ही जागा निवडते. फोटोसाठी कुणी ती फांदी बाजूला ओढून बांधली, तर पिल्लं मातीत पडून मरतात. बेडूक हातात घेणंही वाईटच. तो कातडीवाटे श्वास घेतो, पाणी शोषतो. आपल्या हातावरचं डासांचं मलमही त्याच वाटेने आत जातं.

जगातल्या सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात असल्याचं २०२३च्या जागतिक आढाव्यात म्हटलं आहे. आंबोलीत पर्यटकांवर अनेक घरं चालतात, तेव्हा पाहुण्यांनी यावंच. पण पावसाच्या सुरुवातीला सड्यावर गाडी चढवू नये, रात्री घाटात हळू जावं, बेडकाला जिथे आहे तिथेच पाहावं. सहल पुढच्या आठवड्यावर ढकलता येते. आंबोली टोडला वीण पुढे ढकलता येत नाही.