चांदण्यांची वही

अब्बांच्या वारसनोंदीसाठी कागद गोळा करायला बसलो, तेव्हा पत्र्याच्या पेटीत एकच माणूस चार नावांनी सापडला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव जोडून, सातबाऱ्यावर तोडून, रेशनकार्डावर निम्मंच आणि मतदारयादीत आडनाव तिसऱ्याच पद्धतीनं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे असंच असतं. २०१९ च्या हिवाळ्यात अम्मीनं हीच पेटी उघडली होती, कागद मोजले होते आणि परत कुलूप लावलं होतं. कुठल्या कागदावर काय लिहिलंय, ते मात्र कुणीच टिपून ठेवलं नाही.

मी तरी काय तोंडानं बोलणार? माझी टिपणं फोनमध्ये, स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमध्ये, आणि एका ॲपमध्ये, जे पुढं बंदच पडलं. जुने लेख डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले; तो फॉन्ट नसला की सगळा लेख इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो.

पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या भाच्यानं मला ‘ऑर्ग-मोड’ दाखवलं. ईमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरमध्ये ते चालतं. ॲम्स्टरडॅममधले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी ते सुरू केलं. फाइल साधी, नुसता मजकूर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारी. ओळीच्या सुरुवातीला एक फुली-चांदणी म्हणजे मथळा, दोन म्हणजे पोटमथळा. टॅब दाबली की पोटातलं सगळं मिटतं, पुन्हा दाबली की उघडतं. कामापुढचा ‘टूडू’ शब्द बदलून मराठी करता येतो. मी ‘करायचंय’ आणि ‘झालं’ केला.

पहिले तीन आठवडे मी फक्त रचनाच करत होतो. सात सात चांदण्यांचे मथळे, प्रत्येकाला टॅग, टॅगांची वेगळी यादी. लेख एकही नाही. भाचा म्हणाला, “मामू, इत्ते तारे कायको? आसमान बनारे क्या?” मग सगळं मोडलं. आता एक फाइल आणि चारच मथळे: घर, लेख, वाचन, असंच. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माल ‘असंच’मध्येच आहे आणि लेखही तिथूनच निघतात.

‘घर’च्या खाली ‘अब्बांची नावं’ असा पोटमथळा केला. प्रत्येक कागदाची एक ओळ: नाव जसंच्या तसं, कागदाची तारीख, मूळ प्रत कुठं आहे, आणि स्कॅनची लिंक. अब्बा अर्ज मराठीत लिहीत, घरचा हिशेब उर्दूत. ईमॅक्सला २०१२ पासून उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी नीट दाखवता येते, म्हणून हिशेबाच्या ओळीही तशाच उतरवल्या. एका ओळीत दाखल्याच्या नकलेसाठी दिलेले पैसे होते. म्हणजे नाव दुरुस्त करायचा प्रयत्न त्यांनी केला होता. आम्हाला कधी बोलले नाहीत.

एक फजिती सांगायलाच हवी. ‘नमाज़’ शोधलं तर निम्मी टिपणं येईनात. नुक्त्याचा ज़ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ज आणि नुक्ता असे दोन भाग म्हणून. डोळ्याला फरक दिसत नाही, मशीनला दिसतो. कागदावर अब्बांचं जे झालं, तेच माझ्या फाइलीत! आता मी मराठीत सरळ नुक्त्याशिवाय लिहितो.

नावांचं पान अम्मीला स्क्रीनवर दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, म्हणाली, “ये कागज पे दे मेरेकू.” प्रिंट काढून दिली. तिनं घडी घातली आणि पेटीत सगळ्यांच्या वर ठेवली.

एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र अजून व्हायचं आहे. त्या मथळ्यापुढे ‘करायचंय’ तसंच आहे.