स्पायडर-मॅन : वतन की इजारा?

१/ ऑगस्ट २०१९ मध्ये सोनी आणि डिस्ने यांची बोलणी फिसकटल्याचे वृत्त आले आणि स्पायडर-मॅनला वाचवा, त्याला मार्व्हलकडे परत द्या, अशी हाक समाजमाध्यमांवर उठली. मार्व्हल हे त्याचे घर आणि सोनी हा घर बळकावून बसलेला भाडेकरू, असा त्या हाकेचा भाव होता. या हक्काचे कागद मात्र निराळीच कहाणी सांगतात. #थ्रेड

२/ मराठेशाहीच्या अभ्यासकांना दोन शब्द चांगले परिचित आहेत. वतन वंशपरंपरेने चालत येई; इजारा ठरावीक रकमेला, ठरावीक मुदतीसाठी घेतला जाई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे इजारे जास्त बोली लावणाऱ्याच्या पदरात पडत. मुदत सरण्याआधी घातलेला पैसा वसूल करणे, यावरच इजारदाराची नजर असे. स्पायडर-मॅनचा चित्रपटहक्क या दुसऱ्या जातीचा आहे.

३/ पात्राचा जन्म १९६२ मधला, ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकातला. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को, प्रकाशक मार्टिन गुडमन. डिट्को पानामागे ठरलेल्या मोबदल्यावर काम करीत. पात्राची मालकी प्रकाशनसंस्थेची. डिट्को यांनी १९६६ मध्ये ही मालिका सोडली.

४/ १९८५ मध्ये मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांच्या कॅनन फिल्म्सने चित्रपटाचा हक्क मुदतीच्या कराराने घेतला. किंमत सुमारे सव्वादोन लाख डॉलर. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती. मार्व्हलने तो राजीखुशीने दिला. कोणी हिसकावून घेतला नव्हता.

५/ पुढे गोलान कॅननमधून बाहेर पडले, तेव्हा हा हक्क त्यांच्यासोबत गेला आणि त्याचे तुकडे झाले. दूरचित्रवाणीचा हक्क व्हायकॉमकडे, व्हिडिओचा कोलंबियाकडे, चित्रपटाचा कॅरोल्कोकडे. कॅरोल्कोने जेम्स कॅमेरॉन यांच्याकडून कथेचा आराखडाही लिहून घेतला. पण दावे-प्रतिदावे कोर्टात पोहोचले आणि १९९५ मध्ये कॅरोल्कोच दिवाळखोरीत गेली.

६/ पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९६ मध्ये, खुद्द मार्व्हलनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. एक्स-मेन त्याआधीच फॉक्सकडे गेले होते. १९९८ मध्ये टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीत विलीन होऊन मार्व्हल कशीबशी सावरली. ज्याला आज घर म्हटले जाते, त्याच्या दारात तेव्हा सावकार उभे होते.

७/ १९९९ मध्ये गुंता सुटला, तोही एका देवघेवीतून. सोनीने जेम्स बाँडवरचा आपला दावा सोडला आणि एमजीएमने स्पायडर-मॅनवरचा. मार्व्हलशी करार होऊन चित्रपटाचा हक्क सोनीच्या कोलंबियाकडे आला.

८/ त्या वेळी अतिमानवी नायकांच्या चित्रपटांची पत घसरलेली होती; १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ची नाचक्की ताजी होती. अशा दिवसांत सोनीने पैसा लावला. मे २००२ मध्ये आलेला ‘स्पायडर-मॅन’ अमेरिकेत पहिल्याच आठवडाअखेरीस १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा पहिला चित्रपट ठरला. हे श्रेय सोनीला नाकारता येत नाही.

९/ पण इजाऱ्याचा जुना दोष इथेही आहे. ठरावीक मुदतीत चित्रपट काढला नाही, तर हक्क परत जातो. १९९२ च्या अखेरीस, मुदत संपण्याच्या तोंडावर, ‘फँटास्टिक फोर’चे चित्रीकरण अत्यल्प खर्चात सुरू झाले, तो चित्रपट अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही. सोनीनेही २००७ नंतर अवघ्या पाच वर्षांत, २०१२ मध्ये, तीच कथा नव्या नटासह पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मुदतीची टांगती तलवार तिच्याही डोक्यावर होती.

१०/ इकडे मार्व्हलने २००५ मध्ये दहा पात्रांचे चित्रपटहक्क तारण ठेवून मेरिल लिंचमार्फत ५२.५ कोटी डॉलरचे अर्थसाह्य उभे केले आणि २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ काढला. हे धाडसही मोठेच. मात्र पुढच्याच वर्षी डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून मार्व्हल विकत घेतली. म्हणजे घरच विकले गेले. २०१९ मध्ये फॉक्सही डिस्नेच्या पदरात पडली.

११/ मग हक्क कोणाच्या हाती असावा? घडलेल्या गोष्टी एका हाताच्या बाजूने साक्ष देत नाहीत. २०१५ च्या समझोत्याने सोनीचा नायक मार्व्हलच्या कथाविश्वात आला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. आणि २०१८ चा ‘इंटू द स्पायडर-व्हर्स’ हा ऑस्करविजेता सचेतपट मार्व्हल स्टुडिओजविना, सोनीने काढला. ‘मॅडम वेब’ही सोनीचाच, हेही नोंदवले पाहिजे.

१२/ याच सचेतपटाच्या २०२३ मधील पुढच्या भागात पवित्र प्रभाकर दिसतो. २००४ मध्ये भारतीय वाचकांसाठी घडवलेला हा मुंबईकर स्पायडर-मॅन. सगळे निर्णय एकाच कचेरीत होत असते, तर त्याच्या वाट्याला पडदा आला असता का, ही शंका रास्त आहे. दोन हात असले की एकाने नाकारलेली कल्पना दुसरा उचलू शकतो. डिस्नेकडे सारेच गेल्यास ती वाट बंद होते.

१३/ तरीही या भांडणात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. १९९८ च्या करारातील नफ्याचा वाटा मिळावा म्हणून स्टॅन ली यांना २००२ मध्ये मार्व्हलवर दावा लावावा लागला. २००५ मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. डिट्को २०१८ मध्ये वारले. त्यांच्या वारसाहक्काच्या वतीने २०२१ मध्ये स्वामित्वहक्क परत घेण्याची नोटीस बजावली गेली. हे काम मोबदला देऊन करवून घेतलेले, म्हणून मालकी आमचीच, अशी भूमिका घेऊन मार्व्हल कोर्टात गेली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेही तडजोडच झाली.

१४/ २०१९ च्या सप्टेंबरात सोनी-डिस्नेचा समेट झाला आणि गलबला शमला. दोघेही इजारदार, एकाचा इजारा मुदतीचा, दुसऱ्याचा मोठ्या थैलीचा. या पात्रात वतनासारखे काही असेलच, तर ते त्या टेबलाशी बसलेले होते, ज्यावर १९६२ मध्ये त्याची पहिली पाने रेखाटली गेली. पुढच्या वेळी ‘परत द्या’ अशी हाक उठेल, तेव्हा कोणाला, हे आधी विचारावे.