माय मरो, मावशी जगो. पण बापाचं काय?

‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण आपण सगळ्याच ऐकत मोठ्या झालो. पण माझी धाकटी बहीण आखातात आजारपणाने गेली, तिचा तीन वर्षांचा लेक आमच्या सावेडीच्या घरी आला, आणि या म्हणीचं वजन मला कळलं. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी मात्र नगरच.)

दीड वर्ष तो आईच्या कुशीत झोपला, माझ्या हातचा वरणभात जेवला. मग जावयांचा फोन आला, “आता त्याला माझ्याकडे नेतो.” घरात चूल पेटेना. आई म्हणे, “लेकीची एवढीच खूण उरलीय, मी देणार नाही.” मामा म्हणाले, “कोर्टात जाऊ. सांभाळलं कुणी? आपण!”

मी सरळ वकीलबाईंकडे गेले. त्यांनी समजावलं, की 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे आईबाप. आजी, मावशी, मामा नव्हेत. मात्र त्याच कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलंय. 2019 साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. आई वारलेली, वडील आजारी असताना मूल मावशीकडे वाढलेलं. ते वडिलांनाच मिळालं. अडचणीच्या वेळी सांभाळलं म्हणून बापाचा हक्क जात नाही. आईबाप दोघंही नसले तर गोष्ट वेगळी. करोनात पोरक्या झालेल्या एका मुलाचा ताबा 2022 साली मावशीऐवजी आजीआजोबांना मिळाला.

“पण परदेशी नेलं नि पुढे दाखवलंच नाही तर?” मी विचारलं. तेव्हा त्यांनी दिनशॉ खटला सांगितला. अमेरिकेतल्या कोर्टाने मुलगा आईकडे दिलेला असताना, 1986 च्या जानेवारीत बापाने त्याला गुपचूप पुण्याला आणलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आईच्या हवाली केला. पळवून नेलेल्या मुलांना परत पाठवण्यासाठी 1980 चा हेगचा करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकरण इथली कोर्टं वेगळं तपासतात. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी कोर्टाचा हुकूम विचारात घ्यायचा, पण निकाल मुलाच्या हिताने द्यायचा.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर मी आईपाशी बसले. म्हटलं, “आई, जावई काही वैरी नाहीत. त्यांचीही बायकोच गेलीय. पोराची आई देवाने नेली, बाप आपण का न्यायचा?” आई खूप रडली. मग म्हणाली, “महिनाभर येऊन राहू दे त्यांना इथे.”

जावई आले. पहिले आठ दिवस पोरगं त्यांच्याकडे जाईना. हळूहळू आंघोळ, जेवण, झोप, सगळं बापाच्या हातून होऊ लागलं. दर मे महिन्यात नगरला पाठवायचं, दर रविवारी फोनवर तोंड दाखवायचं, हे वकीलबाईंसमोर लिहून घेतलं. प्रेमाच्या माणसांतही कागद असावा, त्याने नंतरची कटुता टळते.

कुणावर अशी वेळ आलीच, तर मुलाचा जन्मदाखला, लसींचं कार्ड, पासपोर्ट एका पिशवीत नीट ठेवा. आणि त्याच्यासमोर त्याच्या बापाला, आजीला, कुणालाही नावं ठेवू नका. मावशीने जगावं ते भाच्याला धरून ठेवायला नव्हे. त्याला हक्काचं आणखी एक घर असावं म्हणून.