लोह नसलेली नळी

पिपरी मेघेच्या शिवारातल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे, पण ते झाडांना आणि जिवाणूंना सहजासहजी मिळत नाही. विम्ल, चुनखडीच्या जमिनीत ते पाण्यात विरघळतच नाही. मग संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मातीतला स्यूडोमोनस हा जिवाणू यावर पायोव्हर्डिन हा उपाय काढतो. हे पिवळट-हिरवं रसायन तो बाहेर सोडतो, ते लोह पकडतं आणि जिवाणू दोघांना आत ओढतो. अशा रसायनांना सिडेरोफोर म्हणतात. पण ते बनवणं खर्चिक, आणि जास्तीचं लोह पेशीला घातक. म्हणून पेशीत लोह पुरेसं झालं की ‘फर’ हे प्रथिन त्याला चिकटून डीएनएवर जाऊन बसतं आणि सिडेरोफोर बनवणाऱ्या जनुकांचं काम थांबतं. लोह घटलं की फर सुटतं, काम पुन्हा सुरू.

हे लॅबमध्ये बघायचं तर आधी लोह घालवावं लागतं, आणि खरी कसोटी तिथेच. काचेची भांडी आम्लाने धुवायची, मग डबल डिस्टिल्ड पाण्याने खळखळून. नळाचं पाणी वर्ज्य, धातूचा चमचाही वर्ज्य. पोरं कंटाळतात. बरोबरच आहे, यात दिसण्यासारखं काहीच नसतं.

दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली लोह नसलेल्या सक्सिनेट माध्यमात जिवाणू वाढवलेली नळी हिरवट उजळते. सुरुवातीलाच फेरिक क्लोराइड घातलेली नळी गढूळ होते, म्हणजे वाढ झालेली असते, पण उजळत नाही. गंमत अशी की उजळलेल्या नळीत नंतर लोह टाकलं तरी उजेड मावळतो. ते जनुक बंद पडल्याचं लक्षण नव्हे. तयार पायोव्हर्डिनला लोह चिकटलं, एवढंच. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, इथेच निष्कर्ष फसतात.

श्विन आणि निलँड्स यांची 1987 मधली निळी सीएएस प्लेट सगळ्यांची लाडकी. सिडेरोफोर असला की वसाहतीभोवती केशरी वलय उमटतं. जळगावच्या विद्यापीठात सुधीर चिंचोलकरांनी सिडेरोफोरवर बरंच काम केलं. 2007 मध्ये अजित वर्मांसोबत त्यांनी या विषयावर ग्रंथही संपादित केला. विषय आपल्या मातीतलाच आहे. मात्र वलयाच्या रुंदीवरून ‘माझा जिवाणू श्रेष्ठ’ ठरवणाऱ्या प्रबंधांचा मला वैताग येतो. सिडेरोफोर अगारमध्ये किती दूर पसरला, यावरही रुंदी ठरते.

तेव्हा केशरी वलय दिसलं किंवा नळीतला उजेड मावळला म्हणून लगेच वहीत जनुकांविषयी काही लिहू नका. आधी शेजारी पहिल्यापासून लोह घातलेली एक नळी लावा.