अकरा बाय नऊची बैठक

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ती अडकते आणि तर्रर्र करत इकडून तिकडे आपटत विरते. घरात रेकॉर्डिंगची खोली करायचं ठरलं, की लोक आधी माइकची चौकशी सुरू करतात. कुठला घेऊ, केवढ्याला पडेल, फोम कुठे स्वस्त मिळेल. मला विचाराल तर आधी टाळी. ही खोली गाण्याचं काय करणार आहे, ते ती फुकट सांगून टाकते.

आमची खोली डोंबिवलीची, रेल्वेलाइनपासून दोन गल्ल्या आत. अकरा फूट लांब, नऊ फूट रुंद, एक दार, एक खिडकी. ट्रंका, जुने पितळी डबे आणि वर्षातून एकदा लागणारं मखर यांनी ती भरलेली असायची. ती रिकामी केली आत्यासाठी. आत्याने सत्तरी ओलांडली आहे. गुरूंच्या समोर बसून शिकलेलं गाणं. पुढे नोकरी आणि संसारात मैफली मागे पडल्या, रियाज पडला नाही. तिच्या गळ्यात काही बंदिशी अशा आहेत, की ज्या तिच्या गुरूंनी कुठे छापल्या नाहीत आणि तिच्या गुरुभगिनी आता गात नाहीत. त्या नीट, सवडीने ध्वनिमुद्रित व्हाव्यात एवढाच हेतू होता. भाड्याच्या स्टुडिओचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, "तासाचे पैसे मोजत विलंबित नाही रे म्हणता येत. पहिल्या आवर्तनातच डोळा घड्याळाकडे जातो."

आत्या नव्या सतरंजीवर बसली, तानपुरा जुळवला, सा लावला आणि थांबली. पुन्हा लावला, पुन्हा थांबली. "अरे, इथे सा ठरत नाहीये. काहीतरी कर."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि ते आकड्यांत मांडता येतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. अकरा फुटांच्या खोलीत सर्वांत मोठी जी लाट दोन भिंतींमध्ये चपखल उभी राहते ती बावीस फुटांची, म्हणजे सुमारे ५१ हर्ट्झची. त्यानंतरची अकरा फुटांची, सुमारे १०३ हर्ट्झची. आत्याची पट्टी काळी चार. तिचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा सूर त्याच्या निम्मा, १०४. खोलीची दुसरी लाट आणि आत्याचा खर्ज अगदी शेजारी शेजारी येऊन बसले होते. त्यामुळे खोलीच्या बरोबर मध्यावर खर्ज घुमायचा, भिंतीला टेकलं तरी घुमायचा, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींपासून पावणेतीन फुटांवर तोच खर्ज अंगातली ताकद गेल्यासारखा बारीक व्हायचा. गाणारीने मान जराशी पुढे-मागे केली तरी सुराचा पाया हलणार. हे कानाला कळायला आकडे लागत नाहीत. तानपुरा कुणाच्या तरी हातात देऊन छेडत ठेवायला सांगावं आणि आपण खोलीभर सावकाश फिरावं. जिथे खर्ज, जोड आणि पंचम तिन्ही सारख्या वजनाने ऐकू येतात, तिथे गाणाऱ्याचं आसन घालावं. आमच्याकडे ती जागा मध्य सोडून खिडकीच्या बाजूला सरकलेली निघाली.

आसन ठरलं तरी भिंतींचा तर्रर्र होताच. त्यावर उपाय शोधताना मला वॉलेस सॅबिन भेटला, आणि या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवं व्याख्यानगृह बांधून तयार झालं. त्यात प्राध्यापक काय बोलतात तेच कुणाला कळेना, कारण प्रत्येक शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ हवेत रेंगाळायचा. सॅबिन भौतिकशास्त्राचा तरुण अध्यापक. हे काम त्याच्याकडे आलं. तो रात्री, बाहेरची वर्दळ थांबल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. आणखी गाद्या, पुन्हा मोजमाप. सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी. स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा आकडा बदलतो हे ध्यानात आल्यावर त्याने आधीची मोजमापं बाजूला ठेवली आणि पुढचे प्रयोग ठरावीक कपड्यांत केले. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने काय धरलं असेल, तर उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण एकक. गादी, पडदा, माणूस, सगळं त्या खिडकीच्या हिशेबात मोजायचं. बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला, त्यामागे हे गणित होतं.

हे वाचताना मी उठून आत्याकडे गेलो. कारण गाद्या म्हटल्यावर मला दुसरंच काही दिसू लागलं होतं. आपली बैठक. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाजम, त्यावर कापसाच्या जाड गाद्या, पांढऱ्या चादरी, कडेने लोड आणि तक्के, दारांना पडदे, आणि मांडीला मांडी लावून बसलेले, सुती धोतरं-सदरे ल्यालेले पन्नासएक श्रोते. गिरगावात लक्ष्मीबागेत जे गाणं झालं, वाड्यांच्या दिवाणखान्यांत जे गाणं झालं, ते अशा कापसाने आणि माणसांनी भरलेल्या जागेत. कुणी सूत्र मांडून ती मांडामांड केली नव्हती. बसायला बरं म्हणून गादी, टेकायला बरं म्हणून लोड. पण ख्यालातली मींड, ठुमरीतली कुजबुज, अप्रगट म्हणावी इतकी बारीक मुरकी ज्या कानांसाठी घडली, ते कान गायकापासून चार हातांवर होते आणि मधे कुठलाही घुमारा नव्हता. मंडप आणि लाउडस्पीकर नंतर आले. म्हणून घरातली छोटी खोली ही मोठ्या स्टुडिओची गरीब नक्कल आहे असं मला वाटत नाही. आपल्या गाण्याचं माहेर तिच्यासारखंच होतं.

आत्याला म्हटलं, "तुमच्या गुरूंकडे शिकवणीची खोली कशी होती गं?"

"केवढीशी ती! एका भिंतीला पुस्तकांची कपाटं, एका भिंतीशी गाद्यांची चळत. आम्ही त्या चळतीला टेकून बसायचो. बुवा रागवायचे, पाठ सरळ ठेवा म्हणून."

म्हणजे नकाशा तयारच होता. एका लांब भिंतीवर पुस्तकांचं कपाट उभं केलं. लहान-मोठी, पुढे-मागे सरकलेली पुस्तकं आवाज नुसता गिळत नाहीत, विखरूनही टाकतात. समोरच्या भिंतीवर रॉकवूलच्या दोन इंची पाट्या लाकडी चौकटीत बसवून, वर सुती कापड ताणून, भिंतीपासून दोन इंच सोडून लावल्या. हे अंतर महत्त्वाचं. भिंतीला लागून हवा जवळजवळ हलत नाही आणि सच्छिद्र वस्तू हलत्या हवेलाच धरू शकते. अकरा फुटांच्या लाटेत हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून पावणेतीन फुटांवर. तेव्हा भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम खर्जाला काय थोपवणार? अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. दोन्ही फक्त वरचा, तारेतला चकाकता भाग खातात, खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली कोंदट वाटू लागते. खालच्या सुरांचा दाब कोपऱ्यांत साचतो, म्हणून दोन कोपऱ्यांत छतापर्यंत जाड थर उभे केले. रॉकवूल कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याची कुसळं कातडीत शिरली की रात्रभर झोप लागू देत नाहीत. कापूस पिंजून घेतलेली जुनी गादी आत्याच्या पाठीमागे उभी केली. त्यानंतर ती गायला बसली तेव्हा काही बोलली नाही. सा लावला आणि पुढे आलापीच सुरू केली.

बाहेरचा आवाज अडवणं हे वेगळं काम, आणि गादी-रॉकवूल त्यासाठी नव्हेत. आवाज थांबतो तो वजनाने आणि फटी बुजवण्याने. दाराखाली बोटभर फट असेल तर जाड दाराचा उपयोग नाही. दाराला रबरी पट्टी, खिडकीला आतून दुसरी जाड काच, एवढं केल्यावर भाजीवाल्याची हाळी आणि खालच्या स्कूटर मंदावल्या. लोकलची रुळांवरची धडधड मात्र जमिनीतून, भिंतीतून येते; तिच्यावर फ्लॅटमध्ये परवडणारा इलाज नाही. तेव्हा वेळ बदलली. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली यायच्या आत डोंबिवलीला काही तास असे मिळतात, की पंखा बंद केला तर तानपुऱ्याच्या जवारीतला प्रत्येक कण कानावर पडतो. सॅबिनही रात्रीच काम करायचा. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसणं कठीण, म्हणून विलंबित संपलं की दार-खिडकी सताड उघडायची, पाणी प्यायचं, मग द्रुत.

माइकबद्दल फार लिहीत नाही. एक कंडेन्सर आवाजासाठी, एक तानपुऱ्यासाठी, दोन्हीला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट. किमतीपेक्षा अंतराला महत्त्व. तोंडापासून एक वीत धरावं. त्याहून जवळ गेलं की खालचे सूर फुगतात, लांब गेलं की खोली ऐकू येऊ लागते. आपल्या भाषांत भ, फ, घ, ध यांची रेलचेल आहे. बंदिशीत 'भ' आला की हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो आणि 'धप्प' असा आवाज उमटतो. म्हणून माइक ओठांच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा तिरपा, नाकाच्या उंचीला, खाली ओठांकडे वळवून. तानपुऱ्याचा माइक भोपळ्यासमोर नको, तिथे नुसता घुमारा मिळतो. तो घोडीच्या बाजूने तबलीकडे रोखला की जवारी मिळते. आत्याचा तानपुरा मिरजेचा आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. रेकॉर्डिंगच्या आधी ती जवारीचे दोरे केसभर सरकवत राहते. त्यात अर्धा तास गेला तरी मी शब्द बोलत नाही.

वेळेची ही मोकळीक मला या खोलीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गौहरजानचं गाणं कर्ण्यात तोंड घालून मुद्रित केलं. मेणाच्या तबकड्या छपाईला जर्मनीत जायच्या, तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावं म्हणून शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. तेवढ्या सगळ्याला तीनएक मिनिटं. रागाचं अख्खं रूप त्या तीन मिनिटांत उतरवणाऱ्यांचं कसब अचाट होतं, यात शंका नाही. पण किती आलाप, किती बढत त्या मेणाच्या कडेबाहेर राहून गेली असेल! आज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकचं तासाभराचं गाणं जेमतेम अर्ध्या जीबीत मावतं. आत्याला बिहागची बढत चाळीस मिनिटं करावीशी वाटली तर तिने करावी. मी पातळी कमी ठेवतो, उसळलेली तान उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी, आणि गप्प बसतो.

ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' हा गाण्यांचा संग्रह घरच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर नमुन्यादाखल मुद्रित केला होता. मोठ्या स्टुडिओत वाद्यमेळासह करून पाहूनही तो जिवंतपणा येईना, तेव्हा घरची कॅसेटच प्रसिद्ध झाली. बिली आयलिश आणि तिच्या भावाने झोपण्याच्या खोलीत केलेल्या संग्रहाला २०२० मध्ये ग्रॅमीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ही उदाहरणं आत्याला सांगितली. तिला ती अगदी साहजिक वाटली. "घरात गातो तेच गाणं," एवढं म्हणून ती पंचम जुळवू लागली.

तबल्याचा प्रश्न अजून सुटायचा आहे. मध्यरात्री डग्गा वाजवणं इमारतीत शक्य नाही, म्हणून आत्या सध्या हेडफोनवर ॲपचा ठेका घेते, तोही एकाच कानाला. दुसरा कान तानपुऱ्यासाठी मोकळा. संगणकातून आवाज फिरून यायला विलंब लागतो. २५६ नमुन्यांच्या बफरला एका दिशेने साडेपाच मिलिसेकंदांच्या आतबाहेर, म्हणजे सहा फुटांवर बसलेल्या तबलजीचा 'धा' गायकाच्या कानी यायला लागतो तेवढाच. जाऊन-येऊन दुप्पट. आत्याला तो जाणवत नाही. पण ठेका तिच्या बढतीकडे बघत नाही, हे तिला जाणवतं, आणि ते मलाही ऐकू येतं. रविवारी दुपारी, लोकल कमी असताना, जवळचे एक तबलजी येऊन बसायला तयार झालेत. गाडी आली की थांबायचं, गेली की समेवरून पुन्हा.

आणि तळमजल्यावरच्या कीर्तनकार आजोबांनी परवा दारात उभं राहून खोली पाहिली. त्यांना नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग मुद्रित करायचा आहे, झांज आणि पेटीसकट. ते गातात उभ्याने. आमचं सगळं गणित बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीचं. उभ्या माणसाचं डोकं छताच्या जवळ जातं आणि झांजेचा किणकिणाट वरून उलटा माइकवर येतो. छताला चौकट टांगून तिच्यात गादी बसवावी लागेल. सुताराला निरोप धाडलाय, आणि कापूस पिंजणारा गुरुवारी येतो म्हणालाय.